पुस्तकाला जामीन कोण?

माजलगाव धरणात गेलेल्या गावांची माहिती जमवताना मला एक जुने पुस्तक हवे होते. दूरच्या एका महाविद्यालयात ते असल्याचे कळले. पत्र धाडले. उत्तर आले, ‘आपण कोणत्या संस्थेचे?’ मी कोणत्याच संस्थेचा नव्हतो. त्या प्रश्नामुळे आंतरग्रंथालयीन देवघेव समजून घेणे भाग पडले.

या व्यवहारात पुस्तक वाचकाला नव्हे, त्याच्या ग्रंथालयाला दिले जाते. ते ग्रंथालय मागणी नोंदवते आणि परतीची हमी घेते. टपालखर्च बहुधा वाचकाकडे येतो. लेख हवा असेल तर त्याची प्रत येते. दुर्मीळ ग्रंथ सहसा बाहेर जात नाहीत. दिल्लीचे ‘डेलनेट’ १९८८पासून सदस्य ग्रंथालयांना जोडते. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ची ‘इंडकॅट’ ही विद्यापीठ ग्रंथालयांची संयुक्त सूची घरबसल्या पाहता येते. त्याच संस्थेच्या ‘शोधगंगे’त देशभरातले प्रबंध विनामूल्य वाचता येतात.

म्हणजे पुस्तक शोधणे आता सोपे आहे. जामीन मिळवणे अवघड. १९६७च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदानाची वाट मिळाली. तोच शिक्का इथे कामी येतो. आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी आपल्या पत्रावर मागणी लिहिली, खाली शिक्का मारला. तीन आठवड्यांनी पुस्तक आले. अट एकच : वाचनालयातच बसून वाचायचे.

एकट्या अभ्यासकाने म्हणूनच आधी सूचीतली नोंद नीट उतरवावी आणि मग गावच्या वाचनालयाची पायरी चढावी.