स्टॉलवरचा चेहरा : सिनेमासिकांच्या मुखपृष्ठांची घडण

रेल्वे फलाटावरच्या बुकस्टॉलवर मासिकाला आपले पूर्ण रूप दाखवायला क्वचितच मिळते. दोरीला चिमटे लावून टांगलेले अंक एकमेकांवर चढलेले असतात. फळीवर मांडले तर मागच्या ओळीतल्या अंकांचा वरचा भागच डोकावतो. विक्रेत्याला जागा वाचवायची असते आणि त्याच्या या काटकसरीतूनच मुखपृष्ठाचा पहिला नियम घडला आहे : मासिकाचे नाव वर हवे आणि चेहऱ्याचे डोळे त्या नावाच्या जवळ हवेत. खालचा निम्मा भाग झाकला गेला, तरी अंक कोणता आणि आत कोण आहे, हे कळले पाहिजे. गिऱ्हाईक उभे आहे, गाडी हलायच्या बेतात आहे, हात खिशाकडे जातो की नाही हे काही क्षणांत ठरणार आहे.

सिनेमासिकाची एक सोय असते, ती म्हणजे चेहरा वाचकाच्या आधीच ओळखीचा असतो. अडचणही तीच, कारण तोच चेहरा शेजारच्या अंकावरही असतो. त्यामुळे मुखपृष्ठावर कोण आहे यापेक्षा ते कसे मांडले आहे, याला महत्त्व येते. मुंबईतून निघालेल्या तीन इंग्रजी मासिकांची मुखपृष्ठे काळाच्या क्रमाने शेजारी ठेवून पाहिली, तर ही मांडणी नुसत्या आवडीनिवडीने बदललेली दिसत नाही. सिनेमाच्या जगापासून वाचकाला किती अंतरावर उभे करायचे, हे प्रत्येक मासिकाने वेगळे ठरवले होते.

पहिले मासिक 'फिल्मइंडिया'. एप्रिल 1935 मध्ये बाबूराव पटेलांनी ते सुरू केले. बाबूरावांची लेखणी निर्दय होती. त्यांच्या परीक्षणांची निर्मात्यांना धास्ती असे, आणि वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली तिखट उत्तरे वाचण्यासाठी लोक अंकाची वाट पाहत. मुखपृष्ठावर मात्र या तिखटपणाचा मागमूस नसे. तिथे रंगवलेला, उजळलेला, बहुधा एखाद्या नटीचा चेहरा असे. मला हा विरोध अतिशय विचारपूर्वक केलेला वाटतो. बाहेरच्या चित्राने सिनेमाबद्दलचे प्रेम जागे करायचे आणि आतल्या मजकुराने त्या प्रेमाच्या हक्काने सिनेमाला जाब विचारायचा. मुखपृष्ठच टीकेच्या सुरात असते, तर तो अंक सिनेमावर प्रेम करणाऱ्यांच्या घरात शिरला नसता.

हे चेहरे रंगवणाऱ्यांत एस. एम. पंडितांचे नाव सर्वांत मोठे. 1916 मध्ये गुलबर्ग्यात जन्मलेल्या या चित्रकाराने मुंबईत सिनेमाच्या जाहिरातकलेत नाव कमावले. मेट्रो चित्रपटगृहात लागणाऱ्या हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी त्यांनी शोकार्ड रंगवली होती. शोकार्ड म्हणजे चित्रपटगृहाच्या आवारात लावायचे चित्र. येणाऱ्याजाणाऱ्याने ते चालता चालता पाहायचे असते, म्हणून त्यात तपशील कमी आणि प्रकाश ठळक लागतो. पंडितांनी हीच शिस्त मुखपृष्ठावर आणली. चेहरा मोठा, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी, केसांच्या कडेला मागून आलेला उजेड आणि गालावर एकीकडे सावली. ही प्रकाशयोजना स्टुडिओतली, सिनेमातली आहे. म्हणजे चित्र हाताने काढलेले असले, तरी पाहणाऱ्याला पडद्याचीच आठवण होत असे.

मुखपृष्ठ रंगवून घेण्यामागे हौसेइतकीच गरजही होती. रंगीत फिल्म त्या काळी नवी आणि महाग होती. कोडाक्रोम बाजारात आली तीसुद्धा 1935 मध्येच. स्टुडिओतून मिळणारी छायाचित्रे कृष्णधवल असत. त्यांवरून चित्रकार रंगीत चेहरा उभा करी आणि मग त्याचे तिरंगी ठसे बनत. छपाईत एकेक रंग वेगळा उतरतो आणि तो आधीच्या रंगावर नेमका बसावा लागतो. केसभर सरकला, तर ओठांचा लाल रंग ओठांबाहेर जातो. म्हणून जाणता चित्रकार छपाईला झेपेल असेच रंगवी : सपाट पार्श्वभूमी, मोजके रंग, स्पष्ट कडा. आज ज्याला आपण त्या काळची शैली म्हणतो, तिच्यातला बराच भाग छापखान्याच्या मर्यादांनी घडवला आहे.

अमेरिकेतही वाट हीच होती. 1911 मध्ये शिकागोहून निघालेल्या 'फोटोप्ले'साठी रोल्फ आर्मस्ट्राँग, अर्ल क्रिस्टी यांसारख्या चित्रकारांनी पेस्टलमध्ये चेहरे रंगवले होते. मुंबईच्या मुखपृष्ठांवर अमेरिकन नमुन्यांची छाप दिसते. पण डोळ्यांची ठेवण, कपाळावरची टिकली, पदराची रेषा इथली आहे.

दिवाळी अंकाच्या वाचकाला हा चेहरा परका नाही. दीनानाथ दलालांनी 1945 पासून 'दीपावली'तून आणि रघुवीर मुळगावकरांनी असंख्य अंकांवरून जी स्त्रीरूपे घराघरांत पोहोचवली, ती याच शहरात, याच ठशांच्या छपाईत तयार झाली. दोघेही मूळचे गोव्याचे. मुळगावकरांनी स्प्रेने साधलेली धूसर, तेजाळ पार्श्वभूमी आठवून पाहा. मागून येणारा तो उजेड सिनेमाच्या दिव्यांचाच नातलग आहे. आपल्या दिवाळी अंकांवरची ललना कोणत्याही चित्रपटात नव्हती, तरी ती नायिकेसारखी प्रकाशात उभी असे. मराठी वाचकाची नजर सिनेमाने कशी घडवली, हे पाहायला पडद्याइतकीच ही मुखपृष्ठेही उपयोगी आहेत.

दुसरे मासिक 'फिल्मफेअर'. खरे म्हणजे तेव्हा ते पाक्षिक होते. टाइम्स समूहाचा हा पहिला अंक 7 मार्च 1952 रोजी निघाला आणि त्यावर कामिनी कौशल होत्या. या समूहाचे कलादिग्दर्शक वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियातून आलेले चित्रकार. पुढे फिल्मफेअर पुरस्काराची प्रसिद्ध बाहुली त्यांच्याच देखरेखीखाली शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी घडवली. सुबक, नेटके, घरातल्या दिवाणखान्यात ठेवता येईल असे काहीतरी देण्याचा आग्रह या समूहाच्या कामात दिसतो, आणि 'फिल्मफेअर'चे मुखपृष्ठही त्याच वळणाचे होते. इथे छायाचित्राने चित्राची जागा घेतली.

या बदलाने वाचकाचे स्थान बदलले. रंगवलेला चेहरा पाहणाऱ्याला भक्ताच्या जागी नेतो, कारण तसा चेहरा प्रत्यक्षात कुठेच नसतो. छायाचित्र सांगते, की ही व्यक्ती कॅमेऱ्यासमोर बसली होती, तिने ही साडी नेसली होती, ती हसली होती. वाचक आता पाहुण्याच्या नात्याने आत येतो. इथे नजरेला फार मोठी किंमत येते. रोखून पाहणाऱ्या डोळ्यांकडे माणसाचे लक्ष शिकवल्याशिवाय जाते. काही दिवसांची बाळेसुद्धा दुसरीकडे पाहणाऱ्या चेहऱ्यापेक्षा आपल्याकडे पाहणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतात, असे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. मुखपृष्ठाची मांडणी करणाऱ्यांना हे प्रयोगाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. पोस्टरमधली नायिका नायकाकडे पाहते. मुखपृष्ठावरची नायिका बहुतेक वेळा थेट वाचकाकडे पाहते.

तिसरे मासिक 'स्टारडस्ट'. ऑक्टोबर 1971 मध्ये नारी हिरा यांनी ते काढले. ते जाहिरात क्षेत्रातले. पहिल्या संपादक शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढच्या शोभा डे, त्यांच्याच जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याचे काम करत होत्या. हा तपशील मला कळीचा वाटतो. मुखपृष्ठ हीच मासिकाची जाहिरात आहे, असे मानणारी माणसे आता ते घडवू लागली होती. पहिल्याच अंकाने राजेश खन्नांच्या गुपचूप लग्नाबद्दलचा प्रश्न बाहेर, मुखपृष्ठावर आणला. उत्तरासाठी अंक उघडायला हवा होता.

मथळा मुखपृष्ठावर आला की सगळी मांडणी बदलते. अक्षरांना जागा लागते, म्हणून चेहरा मधून बाजूला सरकतो. अक्षरे वाचता यावीत म्हणून पार्श्वभूमी एकरंगी होते. ठळक रंग, जाड टाइप आणि शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हाचा उपयोग दुहेरी होता : कुतूहल चाळवायचे आणि ठाम आरोपाची जबाबदारीही टाळायची. भाषा कॉलेजच्या कट्ट्यावरची, इंग्रजी-हिंदीची सरमिसळ. वाचक आता भक्त नाही, पाहुणाही नाही. कानात सांगावे इतक्या जवळचा तो झाला आहे. या जवळिकीने मासिके प्रचंड विकली, पण तिची किंमत चेहऱ्याने मोजली. आठ-दहा मथळ्यांनी वेढलेला चेहरा नुसता पुरावा होऊन बसतो. तो पाहायला कोणी थांबत नाही.

चेहऱ्याला त्याची जागा परत मिळवून दिली ती गौतम राजाध्यक्ष यांनी. शोभा डे यांचे हे नातेवाईक. लिंटास या जाहिरात संस्थेत छायाचित्र विभाग सांभाळत असतानाच, 1980 च्या सुमारास ते तारे-तारकांची छायाचित्रे काढू लागले. पुढची अनेक वर्षे बड्या सिनेमासिकांची मुखपृष्ठे त्यांच्या कॅमेऱ्यातून आली. मराठी 'चंदेरी'चे ते संपादकही होते, म्हणजे मुखपृष्ठाचा प्रश्न त्यांनी दोन्ही बाजूंनी हाताळला. मऊ, पसरलेला प्रकाश, शांत पार्श्वभूमी आणि समोरच्या व्यक्तीला निवांत करून घेतल्यानंतरच टिपलेली मुद्रा. भोवती मथळे असले तरी आधी डोळ्यांकडेच पाहावे, अशी ती छायाचित्रे आहेत. त्यांच्या पुस्तकाचे नाव 'चेहरे' असावे, हे अगदी साहजिक होते.

याच काळात चांगल्या छायाचित्रांबरोबर आणखी एक युक्ती रुळली. ताऱ्याचे डोके मासिकाच्या नावावर चढवायचे. नावाची एक-दोन अक्षरे झाकली जातात, तरी वाचक ते ओळखतो. स्टॉलवर रुजलेले मासिकच हे करू शकते. नव्या मासिकाने केले तर त्याचे नावच हरवते.

ताऱ्याच्या चेहऱ्याशिवायही वाचक मिळवता येतो, हे पॅरिसच्या 'काये द्यु सिनेमा'ने एप्रिल 1951 पासून दाखवले होते. पिवळी चौकट आणि आत चित्रपटातले एक कृष्णधवल दृश्य. मथळ्यांचा गोंगाट नाही. पहिल्या अंकावर 'सनसेट बुलेवार्ड'मधल्या ग्लोरिया स्वॉन्सन होत्या, पण त्या तारका म्हणून नव्हे, एका दिग्दर्शकाच्या दृश्याचा भाग म्हणून. दुरून ओळखू यायचा तो पिवळा रंग. लंडनचे 'लिटल व्हाइट लाइज' 2005 पासून हाताने काढलेल्या चेहऱ्यांकडे परतले आहे. तंत्राची गरज संपल्यावरही रंगवलेले मुखपृष्ठ वाचकाला थांबवते, याचा तो धडधडीत दाखला. आपल्याकडे पंडितांची, मुळगावकरांची परंपरा असताना आजच्या सिनेमासिकांना चित्रकार का आठवू नये, याची मला खरोखर खंत वाटते.

आता मुखपृष्ठ पहिल्यांदा दिसते ते फोनच्या पडद्यावर, टपाल तिकिटाएवढे. त्या आकारात बारीक मथळे वाचता येत नाहीत, म्हणून ते कमी होत आहेत. चेहरा पुन्हा मोठा आणि पार्श्वभूमी पुन्हा मोकळी होत चालली आहे. पंडितांनी शोकार्डवर जे नियम पाळले, तेच पडद्याच्या लहान आकाराने पुन्हा लागू केले आहेत.

हे सगळे पडताळून पाहायचे तर जुने अंक मुखपृष्ठासकट हवेत, आणि तिथेच अडते. ग्रंथालयात वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली जात. मजकूर जपायचा, वेष्टन कशाला, असा हिशेब. घरोघरी उलटे झाले. मुखपृष्ठ कापून भिंतीला, आरशाशेजारी, केशकर्तनालयात चिकटवले गेले आणि अंक रद्दीत गेला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांनी आणि काही हौशी संग्राहकांनी पूर्ण अंक जपले, म्हणून निदान इतके तरी पाहता येते. घरात माळ्यावर जुने सिनेमासिक किंवा दिवाळी अंक असेल, तर मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातली चित्रकाराची सही आधी शोधा. अनेक चित्रकारांच्या कामाची तेवढीच नोंद उरली आहे.