मात्रा एक, परिणाम वेगळे : ‘ड’ जीवनसत्त्व आणि आपली जनुके



आपल्या रुग्णालयाच्या आरोग्य शिबिरांत ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटे सर्वांना सरसकट मोफत वाटावीत, अशी सूचना हितचिंतकांकडून वेळोवेळी येत असते. तिच्यामागील सद्भाव निःसंशय आहे. तरीही तपासल्याशिवाय ही मात्रा देण्यास आमचे डॉक्टर राजी नसतात. दुसरीकडे, ‘कोर्स पूर्ण केला, पण रिपोर्ट सुधारला नाही,’ असे सांगणारे नातेवाईकही भेटतात. या दोन्ही गोष्टींचा खुलासा बऱ्याच अंशी एकच आहे. सारखीच मात्रा प्रत्येक शरीरात सारखीच कामी येत नाही, आणि त्याचे एक कारण आपल्या जनुकांत दडलेले असते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. डॉक्टरांकडून समजून घेतलेला हा विषय जमाखर्चाच्या परिचित भाषेत मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

मात्रेचा शरीरातील प्रवास

उन्हामुळे त्वचेत तयार होणारे अथवा पाकिटातून पोटात जाणारे ‘ड’ जीवनसत्त्व हा केवळ कच्चा माल होय. त्यावर पहिली प्रक्रिया यकृतात होते. तेथे तयार होणारे रूप रक्तात साठून राहते व प्रयोगशाळेच्या अहवालात आपण पाहतो तो आकडा त्याचाच असतो. दुसरी प्रक्रिया मुख्यतः मूत्रपिंडात होते. तेथून बाहेर पडणारे क्रियाशील रूप आतड्यांना अन्नातील कॅल्शियम व फॉस्फरस शोषून घेण्यास मदत करते आणि त्यातून हाडे बळकट होतात.

या प्रत्येक टप्प्यावर एकेक कर्मचारी नेमलेला आहे आणि प्रत्येकाची घडण एकेका जनुकाच्या हुकुमानुसार होते. यकृतातील प्रक्रियेचे मुख्य एन्झाइम ‘सीवायपी२आर१’ या जनुकाकडून येते, तर मूत्रपिंडातील एन्झाइम ‘सीवायपी२७बी१’कडून. रक्तातून वाहतूक करणारे प्रथिन ‘जीसी’ जनुक पुरवते. पेशीमध्ये हा निरोप स्वीकारणारा ग्राहक ‘व्हीडीआर’ जनुकामुळे घडतो. जास्त झालेला माल मोडीत काढण्याचे काम ‘सीवायपी२४ए१’ या जनुकाच्या एन्झाइमकडे असते. यांपैकी एकाचे काम मंदावले, तर जमेची बाजू भक्कम असूनही शिल्लक वेगळी दिसते.

संशोधन काय सांगते ?

२०१० साली युरोपीय वंशाच्या सुमारे ३४,००० व्यक्तींच्या जनुकांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पातळीशी ‘जीसी’ व ‘सीवायपी२आर१’ या जनुकांच्या जवळील फरकांचा संबंध असल्याचे त्यात स्पष्ट झाले. २०२० साली ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून अशी १४३ जनुकीय स्थाने नोंदविण्यात आली. मात्रेला मिळणाऱ्या प्रतिसादाबाबत अमेरिकेतील २०१४ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात रोज १,००० युनिट घेणाऱ्यांची पातळी वर्षभरात किती वाढली हे पाहिले असता, ती वाढ काही अंशी ‘सीवायपी२आर१’सारख्या जनुकांतील फरकांप्रमाणे कमीअधिक असल्याचे दिसून आले.

याहून बोलके उदाहरण नायजेरियातील आहे. तेथील काही कुटुंबांत एकाहून अधिक मुलांना मुडदूस झाला होता व त्यांच्या ‘सीवायपी२आर१’ जनुकात दोष आढळला. प्रत्येक जनुकाची एक प्रत आपल्याला आईकडून व एक वडिलांकडून मिळते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कुटुंबांतील व्यक्तींना ५०,००० युनिटची मात्रा देण्यात आली. ज्यांची एक प्रत सदोष होती, त्यांची पातळी इतरांपेक्षा कमी वाढली. ज्यांच्या दोन्ही प्रती सदोष होत्या, त्यांच्यात ती जवळजवळ वाढलीच नाही. मात्रा तीच, घेण्यात कसूर नाही, तरी फळ निराळे.

मात्रा अपाय करते तेव्हा

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधात व आहारात ‘ड’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिसळले जात असे. त्या काळात काही बालके रक्तातील कॅल्शियम वाढल्यामुळे आजारी पडली. बहुसंख्य बालकांना जे मानवले, ते याच बालकांना का मानवले नाही, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे अनुत्तरित राहिला. २०११ साली जर्मनीतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अशा प्रकारचा आजार असलेल्या काही बालकांत ‘सीवायपी२४ए१’ हे जनुक निकामी असते. मोडीत काढणारा विभागच बंद असल्याने माल साचत जातो. कॅल्शियम वाढले की उलट्या, बद्धकोष्ठता, अतिशय तहान व वारंवार लघवी ही लक्षणे दिसतात. मूत्रपिंडात कॅल्शियम साठू शकते व मुतखडे होऊ शकतात.

असा दोष विरळा असतो. तथापि शिबिराच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून तो ओळखता येत नाही. शिवाय एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीची रोजची गरज ६०० युनिट आहे. म्हणजे ६०,००० युनिटचे एक पाकीट शंभर दिवसांच्या गरजेइतके होते. ही कमतरता भरून काढण्यासाठी, ठरावीक मुदतीपुरती द्यावयाची उपचाराची मात्रा आहे. तिला प्रसादाचे स्वरूप येणे योग्य नव्हे.

सर्व भार जनुकांवर नको

जनुकांमुळे पडणारा फरक खरा असला, तरी बहुतेक निरोगी माणसांत तो लहान असतो. ऊन, आहार, शरीराचे वजन, आतड्यांचे व यकृताचे विकार, तसेच फिट्सवरील काही औषधे यांचाही वाटा असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, रोज २,००० युनिट घेऊनही स्थूल व्यक्तींची पातळी इतरांपेक्षा कमी वाढल्याचे आढळले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २००० सालच्या अभ्यासात, उन्हात वावरणाऱ्या सैनिकांची पातळी रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर व परिचारिकांपेक्षा चांगली होती. त्यामुळे प्रत्येकाने महागडी जनुकीय तपासणी करून घेण्याचे कारण नाही. या विषयावरील मोठे अभ्यास मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले असल्याने त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावताही येत नाहीत. निरोगी प्रौढांनी केवळ खात्रीसाठी ‘ड’ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी नेमाने करू नये, अशी अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीची २०२४ ची शिफारस आहे.

नातेवाईकांनी काय करावे ?

पुढील प्रसंगी मात्र डॉक्टरांना अवश्य भेटावे : पूर्ण उपचारानंतरही मुलाचे पाय वाकडेच राहिले अथवा उंची खुंटली, घरात आणखी कोणास असाच त्रास असला, किंवा औषध चालू असताना वर सांगितलेली कॅल्शियमवाढीची लक्षणे दिसली. आईवडिलांचे लग्न नात्यात, उदाहरणार्थ आतेभाऊ-मामेबहीण असे झाले असल्यास तेही संकोच न करता सांगावे. अशा कुटुंबात दोन्ही प्रती सदोष असण्याची शक्यता वाढते. मुडदुसाच्या काही आनुवंशिक प्रकारांत नेहमीचे पाकीट कितीही दिले तरी उपयोग होत नाही. मूत्रपिंडातील एन्झाइमचा दोष असल्यास क्रियाशील रूपातील औषध द्यावे लागते. लघवीतून फॉस्फरस वाहून जात असल्यास उपचाराची दिशाच वेगळी असते. मुलाला गुण येत नाही म्हणून त्याच्या आईला बोल लावला जातो, औषध वेळेवर दिले नसेल असे म्हटले जाते. पुष्कळदा तिने एकही मात्रा चुकविलेली नसते. योग्य निदानाने मुलाला औषध मिळते आणि त्या माउलीवरील ठपकाही पुसला जातो.

म्हणूनच देणगीदारांना नम्र विनंती आहे की, पाकिटांच्या वाटपासाठी देऊ केलेले द्रव्य कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज यांसारख्या साध्या तपासण्यांसाठी आणि गरजू बालकांच्या फेरतपासणीसाठी वळवावे. वाटलेल्या पाकिटांची संख्या अहवालात मोठी दिसेल. परंतु एका मुलाचे पाय सरळ होणे ही कोणत्याही ताळेबंदात न मावणारी जमा आहे.