उजेडानं अडवले तारे!

विश्व अवघं ४७ कोटी वर्षांचं असताना एका कृष्णविवरात कोट्यवधी सूर्यांचा ऐवज होता! २०२३ साली ‘चंद्रा’ आणि वेब या दुर्बिणींनी ते शोधलं. इतक्या लवकर ते इतकं मोठं झालं कसं?

तूप आठवा. निवलं, की रवाळ दाणे धरतं; गरम असलं, तर नाही. वायूचा ढगही निवला, की त्याचे तुकडे होतात, तारे बनतात. त्या काळी ढगाला निववत हायड्रोजनचे रेणू. शेजारच्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी ते मोडले, तर? ढग गरमच राहतो, अख्खा कोसळतो आणि थेट भलंमोठं कृष्णविवर जन्मतं!

भारतात वाढलेल्या प्रियंवदा नटराजन यांनी २०१७ साली वर्तवलेल्या खुणा इथं जुळल्या. अंधेरी-मुलुंडचे दिवे तारे नुसते झाकतात; तिथं उजेडानं तारे होऊच दिले नसावेत!