मोटारीचा उच्छ्वास व घरी बनविलेला हेडर

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळाल्यावर जो वायू उरतो, तो सिलिंडरमधून बाहेर पडताना प्रथम ज्या भागातून जातो त्यास एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. कारखान्यातून येणारा जुन्या गाड्यांचा मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा, आखूड व जड असतो. त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी देऊन पुढे त्या सर्व नळ्या एका तोंडात आणल्या, तर त्या रचनेस हेडर असे नाव आहे.

बँकेत खतावण्या लिहिणाऱ्या, तेही कला शाखेच्या पदवीधराने या विषयावर लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु २०१९ साली आमच्या पुतण्याच्या १९९४ सालच्या मारुती ८०० चा मॅनिफोल्ड तडकला. दुकानात नवा मिळेना, भंगार बाजारातून आणलेला तर आधीच तडकलेला निघाला. पुतण्या डिप्लोमाचा विद्यार्थी, शेजारी आयटीआय झालेले एक वेल्डरदादा, आणि हिशेबाची वही सांभाळावयास आम्ही. अशा तिघांनी अंगणात हेडर बनविला. त्यात जे शिकलो व जेथे चुकलो, ते विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

पाइप जितका जाड तितकी गाडी जोरात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. भरधाव एस.टी. शेजारून गेली की रस्त्यावरचा पालापाचोळा तिच्यामागे ओढला जातो, हे आपण नेहमी पाहतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडताच वायूचा जो लोंढा नळीत सुटतो, तोही आपल्यामागे अशीच ओढ निर्माण करतो. नळी फार रुंद असली की लोंढ्याचा वेग मंदावतो व ओढ जाते, फार अरुंद असली की वायू कोंडतो. याखेरीज लोंढ्याबरोबर दाबाची एक लाटही धावते. तप्त वायूत तिचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर असतो. नळ्या जेथे एकत्र होतात त्या रुंद तोंडाशी पोहोचली की ती लाट उलटते आणि कमी दाबाची लाट होऊन मागे फिरते. ती नेमक्या वेळी व्हॉल्व्हपाशी पोहोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते व नव्या मिश्रणास वाट करून देते. सबब नळीची लांबी आणि व्यास हाच हेडरचा आत्मा होय. वेल्डिंग त्यानंतर येते.

लांबीसाठी शर्यतीची इंजिने बांधणाऱ्यांत एक ठोकताळा रूढ आहे. पिस्टन तळाशी पोहोचण्याच्या जितके अंश आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, ते अंश १८० मध्ये मिळवावेत, त्यास ८५० ने गुणावे, इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे व ३ वजा करावेत. उत्तर इंचांत येते व ते व्हॉल्व्हपासून मोजावयाचे असते. आम्ही हिशेबासाठी ५० अंश व ५००० फेरे धरले. म्हणजे ८५० गुणिले २३० भागिले ५००० बरोबर ३९.१, त्यातून ३ गेले, राहिले ३६.१ इंच. व्यासासाठी एका सिलिंडरचे घनफळ घ्यावे. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे व तीन सिलिंडरचे, म्हणून २६५ सीसी. त्यास ३९.१ गुणिले २५ ने भागून वर्गमूळ काढावे व २.१ ने गुणावे. उत्तर १.०९ इंच, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. बाजारात सव्वा इंची, सोळा गेजचा पोलादी पाइप मिळतो. त्याचा आतला व्यास साडेअठ्ठावीस मिलिमीटर भरतो. येथवर ताळा उत्तम जुळला.

बॉनेट उघडल्यावर तो बिघडला. छत्तीस इंचांच्या तीन नळ्या त्या जागेत कशाही वळविल्या तरी मावेनात. अखेर प्रत्येकी २४ इंचांवर समाधान मानले. डोक्यातील मार्गाचे सुमारे अडीच इंच धरून हिशेब उलटा केला तर ६६०० फेरे येतात. एवढे फेरे आमची गाडी उभ्या जन्मात घेत नाही! पुस्तकातला निम्मा फायदा येथेच गेला. मात्र तिन्ही नळ्यांची लांबी सारखी ठेवली. या इंजिनात १-३-२ या क्रमाने दर २४० अंशांनी स्फोट होतो. लांबी सारखी असली की तिन्ही लोंढे समान अंतराने तोंडाशी पोहोचतात. चार सिलिंडरच्या इंजिनात कोणत्या नळीशेजारी कोणती ठेवावी हाही प्रश्न असतो. तीन नळ्यांत तो उद्भवतच नाही.

नळ्यांची वळणे आधी जाड तारेने घालून पाहिली. तार स्टिअरिंगचा दांडा, वायरी व पेट्रोलची नळी यांपासून दूर नेऊन वाकवायची, सरळ करून मोजायची, पुन्हा वाकवायची. यातच दोन रविवार गेले, आणि तेच खरे काम होते असे आता वाटते. नव्या गॅस्केटवरून पुठ्ठ्यावर छाप घेऊन दहा मिलिमीटरच्या पत्र्याची फ्लँज कापली. नळ्या वाकविण्यासाठी त्यांत वाळू भरून तापविण्याची जुनी पद्धत आहे, पण वाळू किंचित ओली राहिली तर वाफेने तोंडाचे बूच गोळीसारखे उडते. आम्ही तयार बेंड आणून हॅक्सॉने हवे तेवढे कापले. नळाचा गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्त पडेल असे आमच्या मनात आले होते. वेल्डरदादांनी साफ नकार दिला. त्यावरील जस्त ९०७ अंशांना उकळते, पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी. तो धूर श्वासात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

गाडीवर फक्त टाके मारावेत, तेही बॅटरीची वायर काढून. पूर्ण वेल्डिंग हेडर खाली उतरवूनच करावे. त्या वेळी फ्लँज एखाद्या जाड लोखंडी पाटाला बोल्टने आवळून ठेवावी आणि थोडे या टोकाला, थोडे त्या टोकाला असे वेल्डिंग करावे. एका दमात केले तर फ्लँज केळीच्या सालीसारखी वाकते. आमची एवढे करूनही किंचित वाकलीच. काचेवर ठेवून, फीलर गेजने फट शोधून, पुतण्याने ती चार तास कानशीने घासली. तोंडाशी तीन नळ्यांच्या मध्ये तिकोनी भोक राहते, ते बुजविण्यास विसरू नये.

गाडी सुरू झाली तेव्हा तिघांनाही धन्यता वाटली. पुतण्या म्हणतो, घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्वीपेक्षा बरी ओढते. आमच्या वहीत मात्र पेट्रोलच्या खर्चात फरक दिसला नाही, त्यामुळे ही रक्कम आम्ही जमेस धरलेली नाही.

तीन आठवड्यांनी गावी जाताना वहिनींचे डोके दुखू लागले. ऊन लागले असेल म्हणून आम्ही काचा वर करून घेतल्या! थोड्या वेळाने आम्हांलाही मळमळू लागले तेव्हा गाडी थांबविली. बॉनेट उघडून पाहतो तो तोंडाजवळचा जोड केसाएवढा फुटलेला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची मिठी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट असते. दोष वेल्डिंगचा नव्हता, आमचा होता. इंजिन रबराच्या आधारावर सतत डोलते आणि आम्ही हेडरला आधार म्हणून जी पट्टी दिली ती गाडीच्या सांगाड्याला कसली होती. मधल्यामध्ये जोड पिळला गेला. नंतर पट्टी इंजिनालाच बांधली व पुढे लवचीक जाळीचा जोड घातला. मूळ सायलेन्सर पहिल्यापासून ठेवला होताच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे तो असलाच पाहिजे, आणि १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून आधी आरटीओत विचारून घ्यावे, नंतर पीयूसी करावी. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. तो काढणे बेकायदा आहे. त्या गाड्यांना हात लावू नये.

गळती पाहण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन अगदी थंड असताना सर्व जोडांवर साबणाचे दाट पाणी लावावे, गाडी सुरू करावी आणि नळ्या तापण्याआधी बुडबुडे कोठे येतात ते पाहावे. नवे गॅस्केट पहिल्या काही तापण्या-निवण्यात बसते, त्यामुळे नटही पुन्हा आवळावे लागतात. आम्ही दर सहा महिन्यांनी हे करतो. मागच्या खेपेस मधल्या नळीचा एक नट सैल निघाला.