‘गिऱ्हाईक फेसबुकवर आहे, मग साइट कशाला?’

व्यावसायिक मंडळींत लिखाणाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारा धंद्यात मुरलेला असतो. गाळा घेताना करारनाम्याची ओळन् ओळ वकिलाला दाखवणारा हा माणूस आपलं दहा वर्षांचं लिखाण मात्र अशा ठिकाणी ठेवतो, जिथल्या अटी त्याने कधी उघडूनही पाहिलेल्या नसतात.

गिऱ्हाईक फेसबुकवर आहे, हे खरंच. पण तुमची पोस्ट त्याला दाखवायची की नाही, हे तुम्ही ठरवत नाही. व्यवसाय, ब्रँड आणि माध्यमांच्या पोस्ट यापुढे कमी दिसतील, आधी मित्र आणि घरचे, असं फेसबुकचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग यांनी जानेवारी २०१८ मध्ये उघडपणे जाहीर केलं होतं. लांब लेखांसाठी फेसबुकवर ‘नोट्स’ होत्या; ३१ ऑक्टोबर २०२० पासून नवी नोट लिहिणंच बंद झालं. त्याच वर्षी २९ जूनला सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. तिथे जमवलेला चाहतावर्ग आपोआप कुणाच्या सोबत आला नाही.

‘पण गूगल तरी भरवशाचं ना?’ गूगल छोट्या व्यावसायिकांना ‘बिझनेस डॉट साइट’ या पत्त्यावर फुकट वेबसाइट देत असे. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद झाल्या. जूनपर्यंत तो पत्ता गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीकडे नेत होता, नंतर तेही थांबलं. व्हिजिटिंग कार्डांवर आणि दुकानाच्या पाटीवर छापलेला पत्ता त्यामुळे काही बदलला नाही.

दुसरा मुद्दा लिखाणाच्या आयुष्याचा. येवल्यातल्या एखाद्या पैठणीवाल्याने हातमागाची पैठणी कशी ओळखावी यावर लिहिलं, समजा: पदर उलटून बघा, हातमागावरची नक्षी मागूनही जवळपास तशीच स्वच्छ दिसते, यंत्रावरच्या पदराच्या मागे सुटे धागे लोंबतात. फेसबुकवर ही पोस्ट दोन दिवस चालेल आणि खाली जाईल. स्वतःच्या साइटवर तोच मजकूर असेल, तर दर लग्नसराईत हाच प्रश्न गूगलला विचारणाऱ्या एखाद्या मुलीला तो सापडण्याची शक्यता राहते. त्याची लिंक फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर, लिंक्डइनवर खुशाल टाका. क्रम तेवढा सांभाळा: आधी आपल्या डोमेनवर, मग बाकी सगळीकडे. साइट केली म्हणजे वाचक आपोआप धावत येतील, असंही कुणी समजू नये. म्हणूनच फेसबुक सोडा असं मी म्हणत नाही.

आता बाकीचे समज, झटपट.

‘तोच लेख दोन ठिकाणी टाकला की गूगल शिक्षा करतं.’ अशी शिक्षा नसते, हे गूगलनेच २००८ मध्ये स्पष्ट केलंय. सारख्या मजकुरातलं एक पान ते दाखवण्यासाठी निवडतं, एवढंच. फसवणुकीच्या हेतूने केलेली नक्कल वेगळी.

‘फेसबुकवर टाकलं की हक्क गेला.’ नाही. मालकी तुमचीच राहते. कंपनीला मिळतो तो वापराचा परवाना. अटींमध्ये लिहिलंय, वाचा.

‘मराठीत लिहिलेलं सापडत नाही.’ युनिकोडमध्ये लिहिलेलं सापडतं. सापडत नाही ते जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं. आणि सणाच्या शुभेच्छांसारखं चित्रात कोंबलेलं लिखाण सापडेल याचीही खात्री नाही. लेख कृपा करून बॅनरवर छापू नका! पत्ताही देवनागरीत घेता येतो. ‘डॉट भारत’ २०१४ पासून आहे.

‘वेबसाइट म्हणजे पन्नास हजारांना फोडणी.’ ‘डॉट इन’ नाव वर्षाला साधारण हजारभर रुपयांत मिळतं आणि ते ‘ब्लॉगर’ या ब्लॉग-सेवेला फुकट जोडता येतं. ब्लॉगरही गूगलचंच, हे मान्य. पण नाव तुमचं असलं की मजकूर उचलून दुसरीकडे नेता येतो आणि पत्ता तोच राहतो.

साइट आधीच असेल, तर डोमेन कुणाच्या नावावर घेतलंय ते आजच बघा. साइट बनवून देणारा मुलगा ते पुष्कळदा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर घेतो. तो नोकरीला लागून पुण्याला गेला की नूतनीकरणाची सूचना त्याच्याच इनबॉक्समध्ये पडून राहते, आणि मुदत उलटून काही काळ गेला की ते नाव कुणीही विकत घेऊ शकतं. आधी ते आपल्या नावावर करून घ्या, पुढचा लेख नंतर लिहा.