अंबरनाथच्या शिवालयाचे वय

अंबरनाथच्या शिवालयाबद्दल गावात विचाराल तर उत्तर ठरलेले असते : पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतले आणि ते अपुरे राहिले. उत्तर दारावरच्या तुळईवरील संस्कृत शिलालेख मात्र वेगळे सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातले शकवर्ष ७८२ वाचले, म्हणजे इ. स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो लेख पुन्हा तपासून ९८२ असे वाचन केले. पहिला अंक सात की नऊ, एवढाच वाद. पण त्यात मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलते.

मला नऊच पटतो. लेखात शिलाहार राजा मुम्मुणी आणि छित्तराजाचे भवन यांचा उल्लेख आहे. हे दोघे भाऊ. छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शके ९४८ चा, तेव्हा धाकटा मुम्मुणी त्याच्या दीडशे वर्षे आधी असणे अशक्यच! घडणही तेच बोलते. शिखर आज अर्धेच उरले असले तरी उभ्या पट्ट्यांमधल्या लहान लहान शिखरांच्या ओळींवरून ते भूमिज शैलीचे आहे हे स्पष्ट कळते. माळव्यात परमारांचे उदयपूरचे उदयेश्वर मंदिर याच शैलीत, याच सुमारास उभे राहत होते.

गाभारा सभामंडपाच्या पातळीपेक्षा बराच खाली आहे. पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते. महाशिवरात्रीच्या यात्रेत या पायऱ्यांसाठीच रांग लागते. तुळईवरचा लेख पाहायचा असेल तर दुसरा दिवस निवडावा.