रॉकेट उडालं, पण बातमी कोणी सांगितली?

चांद्रमोहिमांचे हिरो आपल्याला पाठ असतात. पण रॉकेटपासून काही किलोमीटरवर टाइपरायटर आणि टेलिफोन घेऊन बसलेल्या पत्रकारांचं काय?

२३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ आठवतेय? सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्रावर टेकलं, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांच्या हातात मोबाइल होता. इस्रोचं यूट्यूबवरचं लाइव्ह एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक बघत होते. इस्रो थेट बोलत होती, आपण थेट ऐकत होतो. मधे वार्ताहर नव्हताच.

मग अंतराळ मोहिमेला पत्रकार हवाच कशाला? मास कॉम करणाऱ्याला हा प्रश्न जरा टोचतो. उत्तर शोधायचं तर साठ-पासष्ट वर्षं मागे जाऊ. ठिकाण : अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा किनारा, केप कॅनव्हरल.

दुर्बीण, वाळू आणि फजिती

पन्नासच्या दशकात केप म्हणजे लष्कराचं क्षेपणास्त्र चाचणीचं मैदान. आज काय उडणार, कधी उडणार, हे सांगायला कोणी बांधील नव्हतं. वार्ताहर दुर्बिणी घेऊन किनाऱ्यावर ताटकळायचे, जवळच्या मोटेलांमध्ये मुक्काम ठोकायचे आणि इंजिनीअर मंडळींशी ओळखी वाढवायचे. या ओळखी पुढे कुठे उपयोगी पडल्या, ते येईलच.

६ डिसेंबर १९५७. दोन महिन्यांपूर्वी रशियाने स्पुटनिक सोडून अमेरिकेची झोप उडवली होती. उत्तर म्हणून ‘व्हॅनगार्ड’ रॉकेट उभं राहिलं. ते जेमतेम चार फूट वर गेलं, दोन सेकंदांत खाली बसलं आणि आगीचा लोळ उठला. पपनसाएवढा उपग्रह बाजूला जाऊन पडला आणि तिथूनच इमानेइतबारे ‘बीप बीप’ करत राहिला! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याचं बारसं केलं : ‘फ्लॉपनिक’, ‘कपुटनिक’. मीम काही आपल्या पिढीने शोधलेले नाहीत.

पुढची फजिती तर एका फोनकॉलची. १२ एप्रिल १९६१ला युरी गागारिन अंतराळात गेला. अमेरिकेत तेव्हा उजाडलंही नव्हतं. एका वार्ताहराने प्रतिक्रियेसाठी नासाचे प्रवक्ते जॉन ‘शॉर्टी’ पॉवर्स यांना फोन लावला. झोपमोड झालेले पॉवर्स वैतागून म्हणाले, इथे आम्ही सगळे झोपलोय. झालं! हेडलाइनचा आशय असा : रशियाचा माणूस अंतराळात, प्रवक्ता म्हणतो अमेरिका झोपेत. पीआरमध्ये करिअर करायचं असेल, तर हा किस्सा वहीत लिहून ठेवा.

पण याच नासाने एक मोठी गोष्ट केली. गागारिनच्या उड्डाणाला परदेशी वार्ताहर बोलावलेच नव्हते. त्याचं यान आकाशात पोहोचल्यावर जगाला बातमी कळली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ५ मे १९६१ला, अ‍ॅलन शेपर्डचं १५ मिनिटांचं उड्डाण अमेरिकेने कॅमेऱ्यांसमोर, लाइव्ह केलं. रॉकेट फुटलं असतं तर तेही सगळ्या देशासमोर फुटलं असतं.

काच धरून ठेवलेला अँकर

९ नोव्हेंबर १९६७. ३६३ फूट उंच सॅटर्न-५ रॉकेटचं पहिलं उड्डाण. सीबीएस वाहिनीचे वॉल्टर क्रॉन्काइट काही किलोमीटर दूर, ट्रेलरमध्ये बसून निवेदन करत होते. इंजिनं पेटली आणि ट्रेलर गदागदा हलू लागला. छताच्या टाइल्स खाली येऊ लागल्या. समोरची मोठी काच निखळेल की काय, म्हणून क्रॉन्काइट आणि त्यांच्या सहकाऱ्याने ती हातांनी दाबून धरली. एकीकडे काच, दुसरीकडे लाइव्ह कॉमेंटरी! आपली इमारत हलतेय, असं ते ओरडून सांगत होते. त्या रॉकेटची ताकद आकड्यांपेक्षा त्या आवाजातूनच प्रेक्षकांना कळली.

आणि २० जुलै १९६९ला ‘ईगल’ चंद्रावर उतरलं, तेव्हा याच क्रॉन्काइटनी चष्मा काढला, हात चोळले आणि त्यांच्या तोंडून ‘ओ बॉय’ यापलीकडे धड शब्दच फुटेना. तयारीला नासाला जितकी वर्षं मिळाली तितकीच मलाही मिळाली होती, तरी ऐनवेळी बोलती बंद झाली, असं ते पुढे हसत हसत सांगायचे.

अपोलो-११च्या उड्डाणासाठी केपवर साडेतीन हजारांच्या आसपास पत्रकार जमले होते. ह्यूस्टनमधून ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी मुख्य बातमी लिहीत होते ३५ वर्षांचे जॉन नोबल विल्फर्ड. शतकातली सर्वांत मोठी बातमी, मग सुरुवात किती अलंकारिक असेल? त्यांचं पहिलं वाक्य साधारण असं होतं : माणसं चंद्रावर उतरली आहेत आणि चालली आहेत. बस्स. विशेषण एकही नाही. ‘ऐतिहासिक’, ‘थरारक’ आणि ‘अविस्मरणीय’ एकाच इंट्रोत कोंबायचा मोह झाला, की हे वाक्य आठवा.

याच वर्तमानपत्राने १९२०मध्ये रॉबर्ट गोडार्ड या संशोधकाची टिंगल केली होती. निर्वात पोकळीत रॉकेट चालूच शकत नाही, शाळकरी पोरांना कळतं ते याला कळत नाही, असा अग्रलेखाचा सूर होता. अपोलो-११ उडाल्यावर दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ला, टाइम्सने ४९ वर्षांनी दुरुस्ती छापून खेद व्यक्त केला.

टाळ्या वाजवायच्या की प्रश्न विचारायचे?

आता जरा न चमकणारी बाजू. १९५९मध्ये ‘लाइफ’ मासिकाने पहिल्या सात अंतराळवीरांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या कहाण्यांचे हक्क पाच लाख डॉलरना घेतले. घराघरांतल्या छान छान गोष्टी छापून आल्या. इतर पत्रकार चिडले. पण एकूण सूर कौतुकाचाच राहिला.

२७ जानेवारी १९६७ला जमिनीवरच्या चाचणीत अपोलो-१च्या केबिनला आग लागली आणि तिघे अंतराळवीर गेले. केबिन शुद्ध ऑक्सिजनने भरलेली होती. यान बनवणाऱ्या कंपनीच्या ढिसाळ कामाबद्दल नासाच्याच एका अधिकाऱ्याने आधी अहवाल दिला होता. त्याचं अस्तित्व उघड झालं ते आगीनंतर, आणि तेही वॉल्टर माँडेल या सिनेटरने चौकशीत विचारल्यामुळे. म्हणजे पत्रकारांचं काम एका राजकारण्याने केलं.

दुसरा धडा कंटाळ्याचा. एप्रिल १९७०मध्ये चंद्रावर जाणं नेहमीचंच झालं होतं. १३ एप्रिलला अपोलो-१३च्या अंतराळवीरांनी यानातून टीव्ही कार्यक्रम केला. एकाही मोठ्या अमेरिकी वाहिनीने तो लाइव्ह दाखवला नाही. तो संपल्यावर साधारण नऊ मिनिटांत यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली. मग काय, सगळे कॅमेरे धावत परत आले.

शंका घेणारेही होते बरं का. इटलीच्या पत्रकार ओरियाना फालाची यांची खात्री होती, की आर्मस्ट्राँगचं चंद्रावरचं ते प्रसिद्ध वाक्य नासानेच लिहून दिलं असणार. अपोलो-१२चा कमांडर पीट कॉनरॅड म्हणाला, अजिबात नाही, मी काय बोलणार ते आत्ताच सांगतो. पैज लागली ५०० डॉलरची. बुटका कॉनरॅड खरोखरच चंद्रावर उतरताना म्हणाला, की नीलसाठी ती छोटी उडी असेल, माझ्यासाठी मात्र चांगलीच लांब आहे! पैजेचे पैसे मात्र मिळाले नाहीत, असं तो नंतर सांगायचा.

१६६ उड्डाणं, एक वार्ताहर

आणि हे जे बार्ब्री, एनबीसीचे. १९६१च्या शेपर्डपासून २०११च्या शेवटच्या स्पेस शटलपर्यंत अमेरिकेची सगळी, म्हणजे १६६ मानवी उड्डाणं त्यांनी कव्हर केली. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर ७३ सेकंदांत कोसळलं, सात जण गेले. इतर चॅनेलं स्फोटाची दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवत असताना बार्ब्री फोन फिरवत होते. रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी रिंगवर संशय आहे, ही बातमी त्यांनी अधिकृत चौकशीच्या कितीतरी आधी दिली. कारण? वर्षानुवर्षं जपलेल्या ओळखी. फोन उचलणारी माणसं अपघाताच्या दिवशी तयार होत नाहीत.

गंमत म्हणजे तेव्हा एका पत्रकारालाही अंतराळात पाठवायचं ठरलं होतं. सुमारे १७०० अर्ज आले. निवडलेल्या ४० जणांत साठी ओलांडलेले क्रॉन्काइट होते, बार्ब्रीही होते. चॅलेंजरनंतर ती योजना बारगळली. आता केनेडी स्पेस सेंटरच्या प्रेस साइटवर भिंतीवर पितळी पट्ट्या आहेत, त्यांवर इथून वर्षानुवर्षं बातम्या देणाऱ्यांची नावं कोरली आहेत.

तर, लाइव्ह आता सगळ्यांकडे आहे. रॉकेट उडालेलं कळायला पत्रकार लागत नाही, हे मान्य. पण ते का उडालं नाही, केबिनमध्ये काय भरलं होतं, अहवाल कोणी दाबून ठेवला, हे लाइव्हवर दिसत नाही. त्यासाठी कोणीतरी कंटाळवाण्या दिवशीही तिथे हजर असावं लागतं.

करून बघा

• यूट्यूबवर अपोलो-४ आणि क्रॉन्काइट शोधा. हेडफोन लावून ऐका.
• अपोलो-११ आणि चांद्रयान-३च्या दुसऱ्या दिवशीची पहिली पानं शेजारी ठेवा. पहिली वाक्यं तपासा.
• श्रीहरिकोटाला २०१९पासून सामान्य प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे. ऑनलाइन नोंदणी करा, ग्रुप जमवा आणि जा. फक्त एक अट : रील नंतर, आधी नोट्स.